दुसरं नेटवर्क कार्ड बसवा, पण त्याचा गेटवे रिकामा ठेवा

घरच्या डेस्कटॉपच्या मदरबोर्डवर एक लॅन पोर्ट असतंच आणि ते राउटरला जोडलेलं असतं. दुसरं कार्ड लागतं ते बहुधा एकाच कामासाठी: दुसरा संगणक किंवा नॅस (नेटवर्कला जोडायचं फाइल साठवणीचं यंत्र) थेट केबलने जोडून मोठ्या फाइल्स वेगाने हलवायच्या आणि इंटरनेट जुन्याच वाटेने चालू ठेवायचं. पुढची मांडणी त्यासाठीच आहे, विंडोज १० आणि ११ धरून.

दोन्ही कार्डं एकाच राउटरला जोडून इंटरनेट दुप्पट वेगाने चालेल, या आशेने मात्र खर्च करू नका. वेग कनेक्शनच्या प्लॅनवर ठरतो. शिवाय विंडोजच्या घरगुती आवृत्तीत दोन कार्डं एकत्र बांधायची सोयही नाही.

कार्ड घेताना आधी कॅबिनेट उघडून रिकामा स्लॉट बघा. हल्लीची कार्डं पीसीआय एक्सप्रेस एक्स१ स्लॉटची असतात; ती एक्स४ किंवा एक्स१६ स्लॉटमध्येही चालतात. ग्राफिक्स कार्ड जाड असेल तर त्याखालचा एक्स१ स्लॉट झाकला जातो. काही मदरबोर्डवर एम.२ एसएसडी लावली की एखादा स्लॉट बंद होतो, हे बोर्डच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेलं असतं. कॅबिनेट बारीक असेल तर कार्डाला लावायची छोटी पत्र्याची पट्टी सोबत येणारं कार्डच घ्या.

गिगाबिटसाठी रियलटेक आरटीएल८१११ किंवा इंटेल आय२१० चिपचं कार्ड पुरतं. २.५ गिगाबिटसाठी आरटीएल८१२५ किंवा इंटेल आय२२६. गिगाबिटवर प्रत्यक्षात सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास कॉपी होते, २.५ गिगाबिटवर २८० च्या आसपास. पण पलीकडे साधी हार्डडिस्क असेल तर तीच आधी थकते. दोन्ही टोकांना एसएसडी असेल तरच २.५ चे पैसे वसूल होतात. केबल कॅट५ई किंवा कॅट६, साधी, आत धातूचं वेगळं आवरण नसलेली घ्या. क्रॉस केबल (दोन टोकांच्या तारा अदलाबदल केलेली) लागत नाही. गिगाबिट पोर्ट स्वतःच जुळवून घेतात.

बसवणं दहा-पंधरा मिनिटांचं काम. संगणक बंद करा, प्लग काढा, मग पॉवरचं बटण काही सेकंद दाबून धरा म्हणजे उरलेली वीज निघून जाते. कॅबिनेटच्या उघड्या धातूला हात लावून अंगातला स्थिर विद्युतभार उतरवा. स्लॉटसमोरची पत्र्याची पट्टी काढा, कार्ड कडेने धरून सरळ खाली दाबा आणि स्क्रू घट्ट करा. हा स्क्रू टाळू नका, कारण केबल ओढली गेली की कार्ड तिरकं होतं आणि जोडणी येत-जात राहते.

संगणक सुरू झाल्यावर डिव्हाइस मॅनेजरमध्ये ‘नेटवर्क अडॅप्टर्स’खाली नवं नाव दिसायला हवं. पिवळं चिन्ह असेल तर ड्रायव्हर नाही. जुनं पोर्ट चालूच आहे, त्यावरून चिप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरचा ड्रायव्हर उतरवा. काहीच दिसत नसेल तर कार्ड नीट बसलेलं नाही किंवा तो स्लॉट बायोसमध्ये (संगणक सुरू होतानाच्या सेटिंग्जमध्ये) बंद आहे.

आता पत्ते. बहुतेकांचं घोडं इथेच अडतं. विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबून ‘एनसीपीए.सीपीएल’ (ncpa.cpl) चालवा. खिडकीत दोन इथरनेट दिसतील. लगेच नावं बदला: एकाला ‘इंटरनेट’, दुसऱ्याला ‘फाइल’. कोणतं कोणतं हे कळत नसेल तर एक केबल काढा. ज्याच्यावर लाल फुली येईल ते त्या केबलचं.

‘इंटरनेट’ला हात लावू नका, त्याला राउटर पत्ता देतो. ‘फाइल’च्या प्रॉपर्टीजमध्ये आयपी आवृत्ती ४ उघडून पत्ता हाताने भरा: १९२.१६८.५०.१, सबनेट मास्क (पत्त्याचा कोणता भाग जाळ्याचा हे सांगणारा आकडा) २५५.२५५.२५५.०. डिफॉल्ट गेटवे रिकामा. डीएनएसही (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सोय) रिकामा. दुसऱ्या संगणकावर १९२.१६८.५०.२, मास्क तोच, तिथेही गेटवे रिकामा.

गेटवे म्हणजे अनोळखी पत्त्यासाठीचा दरवाजा. दोन दरवाजे दिले की विंडोज मेट्रिक (वाटेचा पसंतीक्रम ठरवणारा आकडा) बघून एक निवडतं, आणि मेट्रिक आपोआप ठरताना जास्त वेगाच्या कार्डाला झुकतं माप मिळतं. म्हणजे २.५ गिगाबिटचं नवं कार्ड जिंकतं, सगळी मागणी त्या बंद गल्लीत जाते आणि इंटरनेट ठप्प होतं. मग माणूस राउटर बंद-चालू करत बसतो, राउटरचा काहीच दोष नसताना.

पत्त्यातला तिसरा आकडा राउटरच्या जाळ्यापेक्षा वेगळाच हवा. राउटर १९२.१६८.१.१ वर असेल तर ५० चालेल; जिओफायबरचा सहसा १९२.१६८.२९.१ असतो, तिथेही ५० चालेल. दोन्ही कार्डं एकाच जाळ्यात ठेवली तर फाइल कुठल्या वाटेने जाते याचा भरवसा राहत नाही, आणि पुष्कळदा ती हळू वाटेनेच जाते. तपासायला कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘राउट प्रिंट’ (route print) द्या: आयपी आवृत्ती ४ च्या तक्त्यात ०.०.०.० ने सुरू होणारी एकच ओळ असली पाहिजे.

यानंतर ‘पिंग १९२.१६८.५०.२’ दिलं आणि उत्तर आलं नाही, तर केबलवर संशय घेण्याआधी फायरवॉल (बाहेरून येणाऱ्या जोडण्या अडवणारी सोय) बघा. गेटवे नसलेल्या जाळ्याला विंडोज ‘अनआयडेंटिफाइड’ म्हणतं आणि पब्लिक, म्हणजे परकं, समजून दारं लावून घेतं. सेटिंग्जमध्ये त्या इथरनेटवर जाऊन ‘प्रायव्हेट’ निवडा. तिथे पर्याय दिसत नसेल तर पॉवरशेल अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून ‘सेट-नेटकनेक्शनप्रोफाइल’ (Set-NetConnectionProfile) या आज्ञेने प्रकार बदलता येतो. मग ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ चालू करा. हे दोन्ही संगणकांवर करायचं.

फोल्डर उघडताना संगणकाचं नाव देऊ नका, फाइल एक्सप्लोररमध्ये पत्ताच टाका: \\१९२.१६८.५०.२. नाव दिलं तर विंडोज राउटरच्या वाटेनेही जोडू शकतं, आणि नवं कार्ड नुसतं बसून राहतं. कॉपी चालू असताना टास्क मॅनेजरमधला ‘फाइल’चा आलेख वर चढला पाहिजे.

वेग सेकंदाला ११ मेगाबाइटवरच अडकला तर जोडणी १०० मेगाबिटवर उतरली आहे. १०० ला केबलच्या दोन जोड्या पुरतात, गिगाबिटला चारही लागतात. एक तार तुटलेली किंवा क्रिंपिंग (टोकाला प्लग दाबून बसवणं) खराब असलं की असं होतं. कार्डाच्या स्टेटसमध्ये वेग लिहिलेला असतो. आधी केबल बदला.

थोड्या वेळाने जोडणी तुटत असेल तर डिव्हाइस मॅनेजरमध्ये कार्डाच्या पॉवर मॅनेजमेंटमधली वीज वाचवण्यासाठी कार्ड बंद करण्याची परवानगी काढा. ‘अ‍ॅडव्हान्स्ड’मध्ये ‘एनर्जी एफिशियंट इथरनेट’ही बंद करून बघा. जम्बो फ्रेमच्या (डेटाचे नेहमीपेक्षा मोठे तुकडे पाठवण्याच्या) नादी लागू नका; दोन्ही टोकांना आकडा सारखा नसला तर मोठ्या फाइल्स मध्येच अडकतात, आणि घरात त्याचा फायदा किरकोळच.

दुसऱ्या संगणकाला याच केबलवरून इंटरनेटही द्यायचं असेल तर ‘इंटरनेट’ कार्डाच्या शेअरिंगमध्ये ती सोय आहे. ती लावली की ‘फाइल’चा पत्ता आपोआप १९२.१६८.१३७.१ होतो आणि आपण भरलेला जातो. तेव्हा दुसऱ्या संगणकावरचा हाताने दिलेला पत्ता काढून त्याला तो आपोआप घेऊ द्या. त्याला इंटरनेटची दुसरी वाट नसेल तरच हे करा.

लिनक्सवर नेटवर्कमॅनेजरमध्ये हाच पत्ता भरा आणि हे कनेक्शन फक्त त्याच्याच जाळ्यापुरतं वापरण्याच्या चौकटीत खूण करा.