परदेशातली ट्रायथलॉन: सायकल खोक्यात कशी भरायची

लांब पल्ल्याच्या ट्रायथलॉनमध्ये पोहणं ३.८ किलोमीटर, धावणं ४२.२ आणि मधले १८० किलोमीटर सायकलवर. विमानप्रवासात हाल होतात ते नेमके या सायकलचे. म्हणून निघायच्या आदली अख्खी संध्याकाळ तिच्यासाठी राखून ठेवा.

आधी मापं. सीटपोस्ट (सीटचा दांडा) फ्रेममध्ये शिरतो तिथे इलेक्ट्रिकल टेपचा वेढा मारा, एरोबारच्या (हँडलवरच्या, कोपर टेकून पकडायच्या दांड्यांच्या) जागेवरही खूण करा. सीट ५ मिलिमीटर खाली बसली तर घरासमोरच्या फेरीत काही जाणवत नाही, शंभराव्या किलोमीटरला गुडघा सांगतो. मग पेडल. उजवं नेहमीसारखं सुटतं. डाव्याचे आटे उलटे असतात, ते घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवा.

मागचा डिरेलर, म्हणजे गियर बदलताना चेन सरकवणारा भाग, न सोडवता खोकं बंद करू नका. तो ज्याला अडकवलेला असतो तो हँगर मुद्दाम मऊ धातूचा करतात, म्हणजे दणका बसला तर वाकेल तो, फ्रेम वाचेल. आणि खोकं कोणीतरी आडवं टाकणारच. चेन सर्वांत लहान चकतीवर आणा, ५ नंबरच्या अॅलन कीने डिरेलर सोडवा, फडक्यात गुंडाळा आणि चेनस्टेच्या (मागच्या चाकाकडे जाणाऱ्या फ्रेमच्या खालच्या नळीच्या) आतल्या बाजूला बांधा. तुमच्याच फ्रेमचा एक जादा हँगर जवळ असू द्या. फ्रेमगणिक तो वेगळा असतो, ऐनवेळी मिळणं कठीण.

चाकं निघाली की ब्रेक पॅडच्या मध्ये प्लॅस्टिकचा स्पेसर किंवा पुठ्ठ्याची घट्ट घडी. नाहीतर वाटेत लिव्हर दाबला जातो, ब्रेकचे पिस्टन पुढे सरकतात आणि चाकावरची डिस्क पॅडच्या मध्ये जातच नाही. डिस्क काढून दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवा. इलेक्ट्रॉनिक गियरची वायर सोडवा. बटण दाबलेलं राहिलं तर बॅटरी पोहोचेपर्यंत उतरलेली.

टायर फुटतील म्हणून हवा पूर्ण काढा, असं सर्रास सांगतात. सामान ठेवतात त्या भागातही हवेचा दाब राखलेला असतो, टायर फुटत नाहीत. विमान कंपनी अडली तर थोडी कमी करा. ट्यूबलेस (आत ट्यूब नसलेल्या) टायरची सगळी हवा काढलीत तर टायर रिमवरून सुटतो आणि सीलंट, म्हणजे आतला भोकं बुजवणारा द्रव, खोकंभर पसरतं.

टायर झटकन फुगवायच्या सीओटू काडतुसांचे नियम कंपनीगणिक बदलतात. ती पोहोचल्यावर विकत घेणं सोपं. सुट्या लिथियम बॅटऱ्या मात्र केबिनमध्येच लागतात. हेल्मेट, बूट, पेडल, गॉगल आणि ट्रायसूट (शर्यतीचा पोशाख) हेही केबिनमध्येच ठेवा: खोकं हरवलं तर सायकल भाड्याने मिळेल, सवयीचे बूट नाही. भाड्याची सायकल घेतलीत तर पुढचा ब्रेक कोणत्या हाताला आहे ते आधी बघा, देशोदेशी तो बदलतो. शर्यतीत खायची एनर्जी जेल द्रवात मोडतात, तेव्हा ती चेक-इन सामानात. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडला जाताना टायरची आणि बुटांची माती धुऊनच निघा, तिथे तपासतात.

पोहोचल्या दिवशीच सायकल जोडा. कार्बनच्या भागांवर लिहिलेल्या न्यूटन-मीटरइतकेच बोल्ट आवळा, अर्धा तास चालवा, पुन्हा तपासा. झोप बसायला साधारण एका टाइम झोनला एक दिवस धरा; पूर्वेकडे जाताना जास्त जड जातं.

सायकल शर्यतीच्या आदल्या दिवशी ट्रान्झिशनमध्ये, म्हणजे पोहून आल्यावर सायकल घेतात त्या जागी, ठेवावी लागते. कडक ऊन असेल तर टायर पूर्ण फुगवून ठेवू नका. हवा तापली की ट्यूब फुटते. सकाळी पंप मारा आणि चेन हलक्या गियरवर आहे ना, ते हाताने पेडल फिरवून बघा.