फिनिक्सहून कॅन्यन डी शे : ऊन बघून आखायची सहल

भारतातून आई-बाबा आले की फिनिक्सची बहुतेक मराठी घरं त्यांना ग्रँड कॅन्यनला नेऊन आणतात. ते बघावंच. पण माझ्याकडे येणाऱ्यांना मी आग्रहानं ईशान्य ॲरिझोनातल्या कॅन्यन डी शेला नेते. तिथल्या दरीच्या तळाशी आजही नावाहो या मूळ अमेरिकन जमातीची कुटुंबं मका पिकवतात, मेंढ्या राखतात. त्यांच्या शेतांच्या वर, कड्याच्या कपारीत, आठशे-हजार वर्षांपूर्वीची घरं उभी आहेत. जमीन नावाहो राष्ट्राची आणि देखभाल त्यांची व नॅशनल पार्क सर्व्हिसची मिळून, अशी व्यवस्था १९३१पासून आहे. प्रवेशाला पैसे पडत नाहीत.

फिनिक्सहून दरीच्या तोंडाशी असलेलं चिनली गाव पाच-सहा तासांवर आहे, त्यामुळे एका दिवसात जाऊन येण्याचा हट्ट धरू नका. चिनलीत दोन रात्रींचं हॉटेल आधीच घ्या. गावात मोजकीच हॉटेलं आहेत आणि ऑक्टोबरात ती लवकर भरतात. महिने निवडायचे तर एप्रिल-मे किंवा सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. ऑक्टोबरच्या शेवटी तळातली कॉटनवुडची झाडं पिवळीधमक होतात, तेव्हा मला ही दरी सगळ्यात आवडते. जुलै-ऑगस्टच्या पावसात तळात पाणी आणि रुतणारी वाळू असते, त्यामुळे जीप कधीकधी आत जातच नाहीत.

जाताना सुपीरियर, ग्लोब, शो लो असा यूएस ६० महामार्ग घ्या. ग्लोब सोडलं की रस्ता सॉल्ट रिव्हर कॅन्यनमध्ये वळणं घेत उतरतो, पूल ओलांडतो आणि तितकाच वर चढतो. पुलाजवळ थांबायला जागा आहे. नदीच्या एका काठाला सॅन कार्लोस अपाची लोकांची जमीन, दुसऱ्या काठाला व्हाइट माउंटन अपाचींची. तिथून आडवाटेनं भटकायला त्यांचा परवाना लागतो, म्हणून थांबा, बघा आणि पुढे निघा.

शो लोमध्ये बघायला विशेष काही नाही, पण या सहलीत दिसणाऱ्या जुन्या घरांच्या तारखांचं मूळ तिथे आहे. १९२९मध्ये तिथल्या जुन्या वस्तीच्या अवशेषांत एक जळकं लाकूड सापडलं. झाडात दर वर्षी एक वर्तुळ वाढतं; या लाकडाच्या वर्तुळांमुळे खगोलशास्त्रज्ञ ए. ई. डग्लस यांना त्या वर्तुळांची, म्हणजे वर्षांची, तुटलेली साखळी जोडता आली, आणि नैर्ऋत्य अमेरिकेतल्या प्राचीन घरांना नेमकी सालं मिळाली. कॅन्यन डी शेमधल्या ममी केव्हचा मनोरा १२८०च्या दशकातला, असं आज ठामपणे सांगता येतं ते त्यामुळेच. गाडीत मुलं असतील तर हे शो लोच्या आधीच सांगून ठेवा.

हॉलब्रुकला पेट्रोल भरा, मग यूएस १८०नं पेट्रिफाइड फॉरेस्ट या दगड झालेल्या लाकडांच्या राष्ट्रीय उद्यानात दक्षिण गेटातून शिरा. उत्तरेकडचं गेट आय-४०वर निघतं, म्हणजे उलटं यावं लागत नाही. मधला रस्ता २८ मैलांचा. त्यात ब्लू मेसा आणि प्युअर्को प्युएब्लो एवढं नक्की करा. प्युअर्कोला शंभरावर खोल्यांच्या वस्तीचे पाये आणि खडकावर कोरलेली चित्रं आहेत, वाटही सपाट आणि छोटी आहे. दगड झालेल्या लाकडाचा एक तुकडासुद्धा उचलायचा नाही, तो गुन्हा आहे. गेटं संध्याकाळी बंद होतात, म्हणून फिनिक्सहून सकाळी सहाला निघा. पुढे चेंबर्सला यूएस १९१वर वळून उत्तरेला चिनली. रात्री गुरं आणि घोडे सर्रास रस्त्यावर येतात, त्यामुळे उजेडातच पोहोचा. नेटवर्कचा भरवसा नाही, नकाशा आधीच उतरवून घ्या.

घड्याळाचं मात्र लक्षात ठेवा. ॲरिझोनात उन्हाळ्यात घड्याळ पुढे करत नाहीत, नावाहो राष्ट्रात करतात. मार्च ते नोव्हेंबर चिनली फिनिक्सच्या एक तास पुढे असते. जीपच्या टूरची वेळ विचारताना ‘नावाहो टाइम का?’ असं स्पष्ट विचारा.

दुसरा दिवस उन्हाच्या मागे मागे जायचा. सकाळी दरीच्या उत्तर काठावरचा रस्ता, कारण तिथली घरं सकाळच्या उन्हात उजळतात. जाऊन-येऊन ३४ मैल, दोन तास पुरतात. अँटिलोप हाउस, ममी केव्ह आणि मॅसेकर केव्ह अशा तीन जागा आहेत. शेवटच्या ठिकाणी १८०५मध्ये नार्बोनाच्या स्पॅनिश तुकडीनं कपारीत लपलेल्या शंभराहून अधिक नावाहोंना मारलं. तिथे आवाज जरा खाली ठेवा.

दुपारी तळात उतरा. त्यासाठी अधिकृत नावाहो वाटाड्या लागतोच, आणि तसा नियम नसता तरी मी तो घेतलाच असता. परवानाधारकांची यादी पार्कच्या साइटवर आहे. निदान तीन तासांची जीप टूर घ्या. वाटाड्या कोणत्या कपारीत कुणाची आजी राहायची ते सांगतो, भिंतीवरचे हातांचे ठसे दाखवतो, आणि १८६४ची गोष्ट सांगतो. किट कार्सनच्या मोहिमेत अमेरिकी सैन्यानं इथली शेतं जाळली, पीचच्या बागा तोडल्या आणि माणसांना न्यू मेक्सिकोतल्या बॉस्क रेडोंडोपर्यंत चालवत नेलं. १८६८च्या तहानंतर ती परत आली. ही गोष्ट काठावरच्या पाटीवर वाचण्यात आणि त्याच वाळूत उभं राहून ऐकण्यात फार फरक आहे. घरांचे, माणसांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नका. ड्रोन आणि दारू दोन्हींना बंदी आहे. टिपसाठी रोख रक्कम ठेवा.

तीननंतर दक्षिण काठ. आजी-आजोबांचे गुडघे दुखत असतील तर सगळे थांबे करू नका, व्हाइट हाउस आणि स्पायडर रॉक पुरेत. व्हाइट हाउसच्या वरच्या कपारीतली पांढऱ्या गिलाव्याची भिंत दुर्बिणीतून स्पष्ट दिसते, म्हणून दुर्बीण न्याच. ही वस्ती साधारण १०६० ते १२७५ या काळातली. बांधणारे प्युएब्लो लोकांचे पूर्वज, आजचे होपी आणि झुनी त्यांना आपले मानतात. स्पायडर रॉक रस्त्याच्या शेवटाला आहे : जवळजवळ ८०० फुटांचा वालुकाश्माचा सुळका. नावाहोंना विणकाम शिकवणारी स्पायडर वुमन त्याच्या माथ्यावर राहते, असं ते मानतात. काही काठांवर कठडा नाही, लहान मुलांचा हात सोडू नका. गाडीत पर्स उघड्यावर ठेवू नका.

शाकाहारी असाल तर डबा हवाच. मी दशम्या, दाण्याची चटणी आणि भरपूर पाणी नेते. गावात बीन्स घातलेला नावाहो टाको मिळतो, तोही मांसाशिवाय मागून घ्यावा लागतो.

तिसऱ्या दिवशी मॉन्युमेंट व्हॅली गाठायचा मोह होईल. चिनलीहून ती सुमारे दोन तासांवर आहे. तिथल्या १७ मैलांच्या कच्च्या रस्त्यावर नुसते धावत गेलात तर पदरी धूळच पडेल, म्हणून एक रात्र वाढवता येत असेल तरच जा. नाहीतर परतताना गनाडो गावचं हबेल ट्रेडिंग पोस्ट करा. १८७८पासूनचं हे दुकान अजून चालू आहे. आतल्या खोलीत नावाहो गालिचे ठेवलेले असतात. गडद लाल जमिनीचे ‘गनाडो रेड’ नमुने आवर्जून बघा. छोटा गालिचासुद्धा महाग असतो, कारण त्यामागे महिन्यांचं काम असतं. घ्यायचा असेल तर विणणारीचं नाव विचारून चिठ्ठीवर लिहून घ्या, आणि घासाघीस करू नका. तिथून हॉलब्रुक, हेबर, पेसन मार्गे घरी. हेबर ते पेसन हा पाइनच्या जंगलातला टप्पा अंधाराआधी संपवा, तिन्हीसांजेला एल्क, म्हणजे मोठाली हरणं, रस्ता ओलांडतात.