गव्हाची चार पोती आणि जिम्नीच्या स्प्रिंगा

माझ्या जिम्नीचं, म्हणजे मारुतीच्या छोट्या जीपचं, दुखणं कळलं ते लोकवन गव्हामुळं.

हौसेनं गाडी दोन इंच उंच करणाऱ्या, जाड तारेच्या स्प्रिंगा घातल्या होत्या. शॉकअप, म्हणजे स्प्रिंगची उसळी आवरणाऱ्या तेलाच्या नळ्या, मात्र कंपनीचेच ठेवले. जेमतेम १५ हजार किलोमीटर चाललेले, टाकवेनात. त्या दिवसापासून आई मागच्या सीटवर बसेना. इंदुरातल्या लोकमान्य नगरातून राजवाड्यापर्यंत जायचं तरी तिचं एकच, "तुझ्या त्या उंटावर मी नाही बसत." मिस्त्री म्हणाला, "भिया, गाड़ी तो टनाटन हे, रोड खराब हे." मग एप्रिलात छावनीच्या बाजारातून वर्षाचा गहू आणला. ५० किलोची चार पोती मागं टाकली आणि येताना तीच गाडी पालखीसारखी चालली. पोती उतरवली, पुन्हा उंट.

२०० किलो टाकल्यावर जी स्प्रिंग नीट वागते, ती २०० किलो कायम वाहणाऱ्या गाडीसाठीच बनलेली असते. विकणाऱ्यानं विचारलं नव्हतं की मागं काय ठेवता, आणि मीही सांगितलं नव्हतं. तेव्हा स्प्रिंगांचं पान उघडण्याआधी गाडी वजनकाट्यावर न्या. मी देवास नाक्याकडच्या, ट्रकवाल्यांच्या काट्यावर गेलो. आधी फक्त पुढची चाकं काट्यावर घेऊन आकडा लिहायचा, मग पूर्ण गाडी, मग फक्त मागची चाकं. हे दोनदा करायचं: एकदा रोजच्यासारखी रिकामी, एकदा सहलीला निघता तशी भरून, माणसांसकट. पुढं लोखंडी बंपर आणि विंच (अडकलेली गाडी ओढून काढायची चरखी) लावायचा विचार असेल तर तो आधी लावा, मग काट्यावर जा. काटेवाला विचारतो माल काय आहे. मी म्हणालो, आई. तो हसला नाही.

आता स्प्रिंग. विकणारे बहुतेक उंचीवर बोलतात, दोन इंच, तीन इंच. उंची आणि ताठपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत. बाकी मापं तीच असतील तर ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. १२ मिलिमीटरची तार १३ केली की स्प्रिंग साधारण ३८ टक्के ताठ होते, आणि हा एक मिलिमीटर डोळ्यांना दिसतसुद्धा नाही. म्हणून दुकानात जाडी मोजायचा कॅलिपर घेऊन जा आणि लाजू नका.

घरच्या घरी ताठपणा जोखायची माझी रीत अशी: स्प्रिंग मोकळी असताना तिची लांबी मोजा, मग गाडीखाली बसल्यावरची मोजा. फरक सेंटिमीटरमध्ये काढा, त्याचं वर्गमूळ घ्या आणि ५ ला त्यानं भागा. गाडी सेकंदाला किती झोके खाईल तो आकडा मिळतो. (स्प्रिंग एकसारख्या वेटोळ्यांची असेल तर. एका टोकाला वेटोळी दाट असलेल्या स्प्रिंगला हा हिशोब नीट लागत नाही.) कंपनीची स्प्रिंग मागं रिकाम्या गाडीत १२ सेंटिमीटर दबत होती, म्हणजे साधारण १.४. हौसेची स्प्रिंग साडेआठच दबायची, १.७. हाच आईचा उंट. पोती टाकल्यावर ती पुन्हा १२ वर आली आणि पालखी झाली. मला १.४ ते १.६ च्या मधलं सोसतं. शेवटी मी मागं १० सेंटिमीटर दबणारी घेतली. चार माणसं आणि सामान चढलं की ती १२ च्या वर जाते, आणि आई आता काही बोलत नाही, म्हणजे पास.

स्प्रिंग ठरल्यावरच शॉकअप. स्प्रिंग दबताना जोर साठवते आणि सुटताना परत फेकते. तो फेकलेला जोर आवरायचं काम शॉकअपच्या रिबाउंडचं, म्हणजे तो लांब होताना आतलं तेल बारीक वाटेनं जाताना जी अडवणूक होते तिचं. स्प्रिंग ताठ केली की ही अडवणूकही वाढवावी लागते, पण तेवढ्याच पटीनं नाही, वर्गमुळाच्या पटीनं. ४० टक्के ताठ स्प्रिंगेला साधारण १८ टक्के जास्त रिबाउंड पुरतो. माझ्या कंपनीच्या शॉकअपमध्ये तेवढा जोर नव्हता, म्हणून उसळी. उलट "हेवी ड्यूटी" नाव वाचून फार कडक शॉकअप घेतला तर दुसराच रोग होतो. चाक एका खड्ड्यातून बाहेर येऊन खाली पसरायच्या आत दुसरा खड्डा येतो, तिसरा येतो, आणि गाडी हळूहळू खाली बसत जाऊन शेवटी बंप स्टॉपवर, म्हणजे चाकाला वर जाताना अडवणाऱ्या रबरी ठोकळ्यावर, आपटते. चोरलकडच्या दगडी वाटेवर हे पहिल्या पाच मिनिटांत कळतं.

साधी परीक्षा: गाडीच्या एका कोपऱ्यावर वजन टाकून दाबा आणि सोडा. वर येऊन, एकदा किंचित खाली जाऊन थांबली तर जोडी जमली. दोन-तीन हेलकावे घेतले तर शॉकअप कमी पडतोय. चिखलातून पाय काढावा तशी संथ वर आली तर जास्त झालाय.

सगळ्यात जास्त घोटाळा लांबीत होतो. गाडी दोन इंच उंच झाली की जुन्या शॉकअपला खाली पसरायला दोन इंच कमी उरतात. नाली तिरकी ओलांडताना चाक लटकतं, शॉकअप टोकाला जातो आणि आतून 'टक्' ऐकू येतं. जाम घाटात अहिल्याबाईंच्या दरवाज्याच्या अलीकडे कच्च्यात उतरलो तेव्हा मला वाटलं दगड लागला. तो शॉकअपचा आत्मा होता. नुसता स्पेसर, म्हणजे स्प्रिंगच्या टोकाला जाड चकती, घालून उंची वाढवणाऱ्यांचंही हेच होतं. स्पेसरनं ताठपणा तसूभर बदलत नाही, फक्त हा त्रास मिळतो.

म्हणून मोजमाप घ्या. गाडी चेसिसवर घोडीला (वजन पेलणाऱ्या स्टँडला) टेकवा. नुसत्या जॅकवरच्या गाडीखाली डोकं घालायचं नाही. मागच्या स्प्रिंगा काढा, शॉकअपही सोडवा. आता जॅकनं दोन्ही चाकांना जोडणारा अ‍ॅक्सल वर उचलत जा, बंप स्टॉप पूर्ण चेपेपर्यंत, आणि शॉकअपच्या वरच्या-खालच्या बोल्टमधलं अंतर मोजा. नव्या शॉकअपची बंद लांबी याहून सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर कमी हवी, नाहीतर बंप स्टॉपचा मार तोच खाईल. मग अ‍ॅक्सल खाली सोडा आणि ब्रेकचा होज ताणला जायच्या आधी थांबा. तिथलं अंतर म्हणजे उघड्या लांबीची मर्यादा. नवी स्प्रिंगही त्या जागी सैल होऊन बैठकीतून निसटता कामा नये. हेच एक चाक वर आणि दुसरं खाली असं तिरकं करूनही मोजा. सपाट जमिनीवर जमलेला हिशोब तिरक्यात फसतो.

हे सगळं जिम्नीसारख्या गाडीला लागू, जिथं स्प्रिंग आणि शॉकअप वेगळे बसतात. २०२० नंतरच्या थारला पुढं स्प्रिंग शॉकअपवरच चढवलेली असते. ती दाबून धरायच्या यंत्राशिवाय उघडू नका, ते काम वर्कशॉपला द्या. जिप्सीवाल्यांच्या चारही चाकांना कमानी, म्हणजे एकावर एक रचलेल्या पट्ट्यांच्या स्प्रिंगा. तिथं पट्ट्यांचं आपसातलं घर्षणच थोडाफार शॉकअपचं काम करतं. पट्टा वाढवला की ताठपणाही वाढतो आणि घर्षणही, म्हणून त्यांनी शॉकअप कडक करण्याची घाई करू नये.

दोन इंचांच्या वर जाऊ नका असं माझं मत. जिम्नीत उंचीबरोबर पुढच्या चाकांचा कॅस्टर (स्टिअरिंगच्या आसाचा मागं झुकलेला कोन) कमी होतो, हायवेवर स्टिअरिंग भटकू लागतं. आडवा धरून ठेवणाऱ्या दांड्यामुळे (पॅनहार्ड रॉडमुळे) अ‍ॅक्सलही एका बाजूला सरकतो. शिवाय गाडीतल्या बदलांबद्दलचं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि विमा कंपनीही प्रश्न विचारते. हे आधी तपासा.

बसवताना एक गोष्ट मिस्त्री हमखास चुकवतात. सांध्यांतल्या रबरी बुशांचे बोल्ट गाडी हवेत लटकलेली असताना पूर्ण कसतात. मग गाडी खाली उतरली की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. हवेत बोल्ट नुसते लावायचे, गाडी चाकांवर उतरवायची, दोन-चारदा दाबून बसवायची, आणि मग खाली सरपटत जाऊन शेवटचा कस द्यायचा. ५०० किलोमीटर झाले की पुन्हा एकदा.