पाली ते राजापूर: गरम पाण्याची कुंडं आणि तंबूचे मुक्काम

पाली ते राजापूर या पट्ट्यातली गरम पाण्याची कुंडं मुंबई-गोवा महामार्गाला इतकी धरून आहेत, की जाता जाता सगळी उरकता येतील असं नकाशा बघून वाटतं. तसं करू नका. दुपारी दोन वाजता, बाहेर 33 अंश असताना, 42 अंशांच्या पाण्यात पाच मिनिटंही बसवत नाही. कुंडाची वेळ पहाटे साडेपाच ते आठ आणि महिने डिसेंबर ते फेब्रुवारीचा मध्य. म्हणजे दिवसाला एकच कुंड अंघोळीचं, बाकीची बघण्याची. मुक्कामही असा हवा की उठून फार गाडी न चालवता पाण्याशी पोचता येईल. तीन रात्रींचा हा मार्ग त्याच हिशेबाने आखला आहे.

मुंबई किंवा पुण्याहून दुपारी निघून पहिली रात्र पालीत काढा. बल्लाळेश्वरामुळे इथे साध्या खोल्या भरपूर आहेत, तंबूची गरज नाही. संकष्टी, त्यातही अंगारकी, आणि माघी गणेशोत्सवाचे दिवस मात्र टाळा. पहाटे तीन-चार किलोमीटरवरच्या उन्हेऱ्याला अंघोळ करा. पाणी चाळिशीच्या आसपास, म्हणजे पहिल्यांदाच जाणाऱ्याला सोसवेल असं. तिथून वाकण फाट्याला महामार्ग धरून महाड. महाडजवळ सावित्रीच्या काठचं सवचं कुंड वाटेत बघून घ्या. पावसाळ्यात नदीचं पाणी या भागात चढतं, तेव्हा इकडे फिरकू नये.

दुसरा मुक्काम दापोलीच्या किनाऱ्यावर. तिसऱ्या दिवशी सकाळी उन्हवरे. तिथलं पाणी 70 अंशांच्या घरात आहे, या पट्ट्यातलं सर्वांत कडक. उगमाशी हात घालायचा नाही. अंघोळ करायची ती पाणी निवून येतं तिथेच, तीही गावातल्या कोणाला विचारून. मग दाभोळला उतरून फेरीबोटीने गाडीसकट धोपाव्याला पलीकडे जायचं. खाडीला वळसा घालण्यात जाणारे तास वाचतात. फेरीचं वेळापत्रक आदल्या दिवशी फोन करून विचारा आणि सुट्टीच्या दिवशी अर्धा तास आधी रांगेत लागा.

तिसरी रात्र गुहागर-वेळणेश्वरला. वेळणेश्वरला पर्यटन महामंडळाचं निवासस्थान आहे. पहाटे चारला उठायची तयारी नसेल तर समुद्राचा मोह सोडून सरळ चिपळूण किंवा संगमेश्वर गाठा, कारण चौथ्या दिवशीची आरवली चुकवण्यासारखी नाही. आरवली, तुरळ आणि राजवाडी ही तिन्ही दहा-बारा किलोमीटरांच्या पट्ट्यात आहेत. आरवलीचं पाणी 40-42 अंशांचं, अंघोळीला नेमकं. तुरळचं 60 च्या आसपास, ते बघायचं. राजवाडीला कुंडाइतकंच सोमेश्वराच्या देवळातलं लाकडी कोरीवकाम पाहण्यासारखं आहे. तिथे घाई करू नका.

वज्रेश्वरी, अकलोली, गणेशपुरी आणि सातिवली या मार्गात बसत नाहीत. ती मुंबईच्या उत्तरेला आहेत. त्यांच्यासाठी वेगळा एक दिवस काढावा, तोही शनिवार-रविवार सोडून.

पाण्यात उतरण्याआधी

कोकणात जिवंत ज्वालामुखी नाही. पावसाचं पाणी भेगांमधून खोल जातं, तिथल्या उष्णतेने तापतं आणि खडकातल्या फटींवाटे वर येतं. अंड्यासारखा वास गंधकाच्या वायूचा. चांदीचे पैंजण, अंगठी काढून ठेवा, नाहीतर काळे पडतात. थंडीच्या पहाटे वाफ जास्त दिसते, पण पाणी तेवढंच गरम असतं. वाफेवरून अंदाज बांधू नका. स्वयंपाकघरातला काडीचा तापमापक सोबत ठेवा. 38 ते 42 असेल तर उतरा, 43 च्या वर नको. 60 अंशांचं पाणी पाच-सहा सेकंदांत कातडी भाजतं, लहान मुलाची त्याहून लवकर. तापमापक नसेल तर आधी कोपर बुडवून बघा. तळहात निबर असतो, तो फसवतो.

पाय, मग कंबर, मग छाती. दहा मिनिटं बसा, बाहेर या, पाणी प्या, वाटलं तर पुन्हा दहा मिनिटं. झटकन उभं राहिलं की चक्कर येते, कारण गरम पाण्यात रक्तवाहिन्या फुगून रक्तदाब उतरलेला असतो. हृदयविकार असलेल्यांनी, रक्तदाबाच्या गोळ्या चालू असलेल्यांनी आणि गरोदर बायकांनी काठावर बसून पाय सोडावेत. दारू पिऊन उतरणं हा शुद्ध मूर्खपणा.

डोकं बुडवू नका, मुलांना उड्या मारू देऊ नका. कोमट साचलेल्या पाण्यात मेंदूला संसर्ग करणारा एक अमीबा असू शकतो. तो नाकातूनच आत शिरतो. असा आजार अगदी क्वचित होतो, पण झाला तर बहुधा प्राणावर बेततो. साबण, शाम्पू कुंडात नाही. आणि बहुतेक कुंडांवर बाया-पुरुषांची जागा वेगळी असते. तिथे मोबाइल खिशातच राहू द्या.

तंबू कुठे, कसा

कुंडाशेजारी तंबू लावायचा नाही. जागा देवस्थानाची असते आणि पहाटे गावातल्या बाया अंघोळीला, धुण्याला येतात. सगळ्यांत चांगली सोय म्हणजे घरगुती निवासाच्या वाडीत, पैसे देऊन. संडास, विहिरीचं पाणी आणि रात्रीचं जेवण तिथेच मिळतं. दुपारी चारच्या आत विचारा, अंधारात आलेल्या गाडीला कोणी हो म्हणत नाही. वाडीत माडाखाली मात्र तंबू नको. नारळ किंवा झावळी कधी पडेल याचा नेम नसतो.

किनाऱ्यावर राहायचं तर आधी गावात विचारा. सुरूच्या बनात वनखात्याची परवानगी लागू शकते. मग भरतीचा हिशेब. कोकणातला जुना आडाखा असा: तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते. अष्टमीला 8 ची पाऊणपट 6, म्हणजे सकाळ-संध्याकाळ सहाच्या सुमारास. पौर्णिमेला 15 ची सव्वाअकरा. वद्य पक्षात पुन्हा एकपासून मोजायचं आणि अमावास्या पंधरावी धरायची. गोम अशी की पौर्णिमा-अमावास्येला उधाण असतं, म्हणजे चांदणं असो नसो, सर्वांत उंच भरती तुम्ही गाढ झोपेत असताना येते. वाळूवर सुक्या शेवाळाची, काटक्यांची जी सर्वांत वरची ओळ दिसते, तिच्याही बऱ्याच वर तंबू लावा.

वाळूत साध्या खुंट्या टिकत नाहीत. पिशवीत वाळू भरून तिला दोरी बांधा आणि पिशवी हातभर खोल पुरा. सड्यावर, म्हणजे कातळाच्या उघड्या माळावर, उलट अडचण असते: जांभ्या दगडात खुंटी शिरतच नाही, वाकते. तिथे स्वतःच्या दांड्यांवर उभा राहणारा तंबू हवा आणि दोऱ्या दगडांना. दगड उजेड असतानाच, काठीने उलटवून मग उचला. खाली विंचू किंवा फुरसं हा विषारी साप असू शकतो. कोकणातला लाल विंचू जीवघेणा ठरू शकतो. त्याच्या दंशावर प्राझोसिन या औषधाचा उपचार महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी रूढ केला. चावलं तर चिरा, पट्टे, झाडपाला काही न करता थेट सरकारी रुग्णालय. बूट तंबूच्या आत ठेवा, तरी सकाळी झटकूनच घाला.

सड्यावर शेकोटी अजिबात नाही. दिवाळीनंतर गवत वाळतं, वारा सुटतो, आणि एका ठिणगीने आंबा-काजूच्या बागा जळतात. चहापुरती लहान गॅसची शेगडी, तीही मोकळ्या कातळावर, बाजूला पाच लिटर पाणी भरून. तंबूच्या आत ती कधीच पेटवू नका.

थंडीत दव इतकं पडतं की पहाटे तंबू ठिबकतो. लोक घाबरून सगळ्या खिडक्या बंद करतात, त्याने आतली वाफ अडकून पांघरूण अधिकच भिजतं. वरचं आच्छादन ताणून बांधा, आतल्या कापडाला टेकू देऊ नका आणि दोन्ही बाजूंच्या जाळ्या उघड्या ठेवा.

राजापूर जोडायचं असेल तर

राजवाडीहून पुढे महामार्गानेच राजापूर. शहराजवळच्या उन्हाळे गावात अंघोळीजोगं कुंड आहे. जवळच राजापूरची गंगा: चौदा कुंडं, एरवी कोरडी. साधारण तीन वर्षांनी गंगा येते म्हणतात, पण ती काही पंचांग पाळत नाही. निघण्याआधी राजापुरात कोणाला तरी फोन करा. आलेली असेल तर गर्दी मोठी असते, तेव्हा गाडी लांब लावून चालत जा आणि उन्हाळे गावातली अंघोळ दुसऱ्या दिवशी पहाटेवर टाका.