जुना डिजिटल कॅमेरा परत चालू कसा करायचा, आणि अडकलेली लेन्स न मोडता कशी सोडवायची

सौंदत्तीच्या यल्लम्माची पुनव झाली की माझ्याकडं एखादा तरी छोटा कॅमेरा येतोच, लेन्स अर्धी बाहेर, कड्यांच्या फटीत पिवळी रेघ, म्हणजे भंडारा आत गेलाय. पावसाळा संपला की दुसरी खेप, ती खानापूर-जांबोटीकडची, त्यात ओल आणि लाल मातीची बारीक धूळ. आणि हल्ली दोन-तीन वर्षं कॉलेजची पोरं घरातली कपाटं उचकून २००५ ते २०१२ च्या दरम्यानचे कॅमेरे हुडकून काढतात, मोबाईलपेक्षा वेगळे फोटो येतात म्हणून. येतातच वेगळे. मोबाईल पाच-दहा फोटो जोडून एक करतो, सावल्या उजळतो, चेहरे गुळगुळीत करतो. हा कॅमेरा एकदाच बघतो आणि जे दिसलं तेच ठेवतो, वर त्याचा फ्लॅश खरा, झेनॉनचा, मोबाईलच्या दिव्यासारखा नाही.

मी दुकानदार नाही, पैसे घेत नाही. पण गल्लीतले, पाहुण्यांचे मिळून तीसेक कॅमेरे तरी स्क्रू न काढता चालू केलेत, आणि त्यातले बरेचसे माझ्याकडं यायच्या आधी कुणीतरी चुकीचा सल्ला ऐकून बिघडवलेले होते, म्हणून हे लिहायला बसलोय.

बॅटरी

चपटी लिथियमची बॅटरी असेल तर आधी टेबलावर ठेवून बघा. पोट फुगलेलं दिसलं, टेबलावर डुगडुगली, तर चार्जरला लावायचीच नाही, ई-कचऱ्यात द्या आणि अंगावर छापलेला नंबर बघून नवीन मागवा. पेन्सिल सेलवाला कॅमेरा असेल तर भिंतीवरच्या घड्याळात घालतो तसले स्वस्तातले सेल घालू नका, कॅमेरा चालू होताना लेन्सची मोटर एकदम जास्त करंट ओढते आणि ते सेल तिथंच बसतात, मग लोक म्हणतात कॅमेरा गेला. निकेल मेटल हायड्राइडचे रिचार्जेबल घ्या, २००० एमएएचच्या आसपासचे. त्यांच्यावर १.२ व्होल्ट लिहिलेलं बघून घाबरू नका, १.५ च्या साध्या सेलपेक्षा ते जास्त टिकतात. खाचेतल्या पत्र्यावर हिरवट-पांढरं काही चढलं असेल तर खोडरबरानं घासा.

प्रत्येक वेळी तारीख विचारत असेल तर चार्ज केलेली बॅटरी एक दिवस आत तशीच ठेवा, बऱ्याच मॉडेलमध्ये तारखेचा आतला सेल मोठ्या बॅटरीवरच चार्ज होतो. काहींत मात्र बटणाएवढा वेगळा सेल असतो, तो बदलावा लागतो.

कार्ड

इथं लोक उगाच पैसे घालवतात. एसडी कार्डाच्या तीन पिढ्या इथं कामाच्या, साधं एसडी २ जीबीपर्यंत, २००६ ला आलेलं एसडीएचसी ३२ पर्यंत, आणि २००९ पासूनचं एसडीएक्ससी त्याच्या पुढचं. कॅमेरा २००६ च्या आधीचा असेल तर ६४ जीबीचं कार्ड घालून काही उपयोग नाही, ते तो वाचणारच नाही, आणि यात कॅमेऱ्याचा दोष नाही. २ जीबीचं हुडका, ५ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्याला ते भरपूर झालं. जुन्या सोनीला मेमरी स्टिक लागते (२०१० पासून त्यांनी एसडी पण घेतलं), आणि त्या काळातल्या बऱ्याच ऑलिम्पस-फुजीला एक्सडी कार्ड, ही दोन्ही आता जुन्या मालातच मिळतात, त्यामुळं कॅमेरा विकत घेणार असाल तर कार्ड कुठलं लागतंय ते आधी विचारा आणि मग भावाचं बोला. कार्डाच्या कडेला छोटी सरकपट्टी असते, ती लॉकवर असली की फोटो निघत नाही, निम्मे लोक एवढ्यावरच अडकलेले असतात.

फॉरमॅट कॅमेऱ्यातच करा. पण आधी कार्डावरचे जुने फोटो कॉम्प्युटरवर उतरवून घ्या, त्याशिवाय फॉरमॅटच्या बटणाला हात लावू नका.

लेन्स

आता मूळ मुद्दा. चालू केलं, लेन्स थोडी बाहेर आली, कुरकुर आवाज, दोन-तीन बीप, स्क्रीनवर लेन्स एरर, आणि बंद.

आप्पांना रिटायर होताना ऑफिसातल्या लोकांनी असला कॅमेरा दिलेला. २०११ मध्ये आम्ही सगळे येळ्ळूरच्या राजहंसगडावर गेलो, वर भन्नाट वारा, धूळ उडत होती आणि मी लेन्स बाहेर काढलेलीच ठेवून तटावर फिरत होतो. खाली आल्यावर लेन्स आत जाईना. गावातल्या एका दुकानात दाखवला, त्यानं हातात धरून एकदा चालू केला आणि म्हणाला, "मोटर होगैत्री," म्हणजे गेली, "नवीन घ्या." घरी आलो, मला राग आलेला, लेन्स दोन बोटात धरली आणि ओढली. टक् करून आवाज आला. आई आतनं म्हणाली, "काय करूलालास रे?" तो टक् आवाज म्हणजे कॅमेरा संपल्याचा आवाज होता हे मला नंतर कळलं. आप्पांनी एक शब्द बोलला नाही, पण तो कॅमेरा त्यांनी शेवटपर्यंत टाकलाही नाही.

मोटर गेलीच नव्हती हे मला त्यानंतर चार-पाच वर्षांनी समजलं, एक पूर्ण मेलेला कॅमेरा खोलून बघितला तेव्हा. लेन्स म्हणजे एकात एक बसणाऱ्या दोन-तीन प्लॅस्टिकच्या नळ्या. प्रत्येक नळीला बाहेरून बारीक खुंट्या, साधारण तीन, आणि त्या खुंट्या बाहेरच्या नळीतल्या तिरक्या खाचांतून सरकतात. मोटर नळी फिरवते, खुंटी खाचेतनं वर चढते, म्हणून लेन्स फिरत फिरत बाहेर येते. खाचेत वाळूचा एक कण आला की खुंटी अडते, मोटर जोर लावते, कॅमेऱ्याला कळतं की लेन्स ठरल्या जागी पोचली नाही, आणि मोटरचे दात मोडू नयेत म्हणून तो स्वतःच बंद होतो. म्हणजे एरर आली हे चांगलंच आहे, कॅमेरा स्वतःला वाचवतोय. आणि अशा वेळी सरळ ओढलं तर तिरक्या खाचेतली खुंटी बाहेर उडी मारते, ती परत बसवणं घरात जमत नाही. ढकललं तरी तेच.

खोलायचा विचार मनात आला असेल तर तो काढून टाका. फ्लॅशचा कपॅसिटर ३०० व्होल्टच्या आसपास चार्ज होतो आणि बॅटरी काढली तरी तो चार्ज आत राहतो. मला त्या मेलेल्या कॅमेऱ्यात बसला होता झटका, कोपरापर्यंत. लहान पोरांच्या हातात तर खोललेला कॅमेरा अजिबात देऊ नका.

आता करायचं काय. आधी पूर्ण चार्ज बॅटरी, कारण अर्ध्या बॅटरीवरसुद्धा हीच एरर येते, आणि माझ्याकडं आलेल्यांपैकी चार-पाच कॅमेरे तर नुसती बॅटरी बदलून सुरू झाले. मग पॉवरचं बटण न दाबता प्लेचं बटण दाबून चालू करा, बऱ्याच मॉडेलमध्ये तसं केलं की लेन्स हलत नाही. जुने फोटो दिसले तर बोर्ड, स्क्रीन सगळं ठीक आहे, भांडण फक्त लेन्सशी.

नंतर आवाज ऐका, पंखा बंद करून, कानाजवळ धरून. वाळू दळल्यासारखी कुरकुर असेल तर कण आहे, निघण्यासारखा आहे. लेन्स हलते आणि एकाच जागी टकटक करत राहते, किंवा समोरनं बघितल्यावर एका बाजूला झुकलेली दिसते, तर कॅमेरा पडलेला आहे, मालकानं नाही म्हटलं तरी. काहीच आवाज नाही तर परत बॅटरी आणि पत्रे बघा.

कुरकुर असेल तर बॅटरी काढा, कॅमेरा लेन्स जमिनीकडं करून धरा आणि कड्यांच्या फटीत रबरी ब्लोअरनं हवा मारा, खालून वर. ब्लोअर नसेल तर मेडिकलमध्ये कान धुवायचा रबरी फुगा मिळतो, नवा, कोरडा. तोंडानं फुंकू नका, थुंकीची वाफ जाते आणि भंडारा असेल तर त्याचा लगदा होतो. त्याच कारणासाठी ओलं फडकं नको, हळद कोरडी आहे तोवर सुटते, भिजली की चिकटते आणि डाग पण पडतो.

मग बटर पेपरची बोटभर रुंद पट्टी कापा. वहीचा कागद तंतू सोडतो, व्हिजिटिंग कार्ड जाड पडतं. पट्टी दोन नळ्यांच्या मधल्या फटीत दोन-तीन मिलिमीटरच घालायची आणि गोल फिरवायची, एका दिशेनं, घाई न करता, दोन वेढे झाले की बाहेर काढून बघायची. पट्टीवर पिवळं किंवा तांबडं आलं की समजायचं काम होतंय. नवी पट्टी घ्यायची. मी एका कॅमेऱ्याला अशा अकरा पट्ट्या लावल्यात, दोन संध्याकाळी गेल्या, पण तो अजून चालतोय. परत ब्लोअर. मग कॅमेऱ्याची कड तळहातावर हलकी आपटा, लेन्स खालीच ठेवून.

आता बॅटरी घाला आणि लेन्स जमिनीकडं असतानाच चालू करा. नळीचं वजन बाहेर यायला मदत करतं आणि सुटलेला कण आत न जाता खाली पडतो. नाही आली तर बंद, पाच मिनिटं थांबा, परत ब्लोअर, परत एकदा. लागोपाठ दहा वेळा बटण दाबत बसू नका, मोटरचे दात प्लॅस्टिकचे असतात. तिसऱ्या-चौथ्या वेळेला लेन्स पूर्वीपेक्षा थोडी जरी पुढं आली तरी जिंकलात, तेवढ्या नव्या फटीत परत पट्टी.

झुकलेल्या लेन्सला एकच उपाय आहे आणि तो एकदाच करायचा. चालू करताना जी बाजू वर आलेली आहे तिच्या कडेवर अंगठा ठेवायचा, पिकला का बघायला चिकू दाबतो तेवढाच जोर, आणि टिक् असा बारीक आवाज आला तर लगेच सोडायचं. नाही आला तर सोडून द्या. दुसऱ्यांदा जोर वाढवून करायचा मोह होतो, तो आवरा.

आणि जे करायचं नाही ते. तांदळाच्या डब्यात ठेवू नका, तांदळाची पूड लेन्समध्ये जाते, ओल काही फारशी ओढत नाही. शिलाई मशीनचं तेल नको, खोबरेल तर नकोच, तेल पसरत पसरत शटरच्या पात्यांवर जातं आणि मग पाती चिकटतात. हेअर ड्रायर नको. पंक्चरवाल्याच्या कॉम्प्रेसरची हवा नको, निपाणीचा एक पोरगा ती मारून आला होता, धूळ फटीतनं निघून थेट सेन्सरवर बसली आणि आता त्याच्या प्रत्येक फोटोत आकाशात काळे ठिपके आहेत.

चालू झाल्यावर

झूम पाच-सहा वेळा आत-बाहेर करा. बटण अर्धं दाबून हिरवा चौकोन येऊ द्या, मग पूर्ण दाबा. फ्लॅश तीनेक मीटरच्या पुढं पोचत नाही, म्हणून शिवजयंतीच्या मिरवणुकीत लांबच्या चित्ररथावर मारून उपयोग नाही, बंद करा आणि कॅमेरा कठड्यावर टेकवून २ सेकंदाच्या टायमरनं घ्या. जांबोटीच्या धुक्यात फोटो राखाडी येतात, उजेड कमी-जास्त करायच्या प्लस-मायनसमध्ये +०.७ ठेवा. काचेआड कोळ्याच्या जाळ्यासारखं पांढरं दिसलं तर ती बुरशी, ती आतनं असते, पुसून जात नाही.

बेळगावच्या पावसात चामड्याच्या कव्हरमध्ये ठेवू नका, ते ओल धरून ठेवतं. झाकण घट्ट बसणारा डबा, त्यात सिलिका जेलच्या पुड्या, बॅटरी बाहेर काढलेली, आणि महिन्यातनं एकदा काढून दहा-वीस फोटो.

आणि एक काम राहिलंच. कार्ड काढा, आणि कार्ड नसताना प्ले दाबा. बऱ्याच कॅमेऱ्यांना स्वतःची थोडी आतली मेमरी असते आणि कार्ड घालायचं राहिलं की फोटो तिकडं जातात, घरात कुणालाच माहीत नसतं. शेजारच्या काकींचा दुबईहून आलेला कॅमेरा मी असाच चालू केला तर आत सात फोटो निघाले, त्यातल्या तीन फोटोंत त्यांच्या सासूबाई चुलीपुढं भाकरी थापत बसलेल्या, जाऊन नऊ वर्षं झालेल्या. काकी स्क्रीनवर बोट ठेवून म्हणाल्या, "हा फोटो तर आम्ही बघितलाच नव्हता." मेनूमध्ये कॉपी म्हणून असतं, कार्ड घालून ते दाबलं की आतले फोटो कार्डावर येतात, नसेल तर यूएसबी केबलनं निघतात. ते उतरवून, एकदा उघडून बघून, मगच आतली मेमरी रिकामी करा.