मृत्युपत्रात गट नंबर अचूक लिहावा
नाशिकमधील अनेक कुटुंबांची मिळकत गंगापूर रोडचा फ्लॅट आणि निफाडकडची द्राक्षबाग अशी विभागलेली असते. त्यामुळे मृत्युपत्रात ‘माझी सर्व शेती’ असे मोघम न लिहिता ताज्या सातबाऱ्यावरील गट नंबर, क्षेत्र आणि स्वतःचा हिस्सा नमूद करावा, अन्यथा फेरफार नोंदीच्या वेळी तलाठी कार्यालयात वारसांना खेटे घालावे लागतात. वडिलोपार्जित जमिनीत केवळ आपल्या हिश्श्यापुरतेच लिहिता येते, हे बऱ्याच जणांना उशिरा कळते. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीही ऐच्छिक आहे. मात्र दोन साक्षीदारांच्या सह्या अनिवार्य आहेत. ते लाभार्थी नसावेत आणि शक्यतो आपल्याहून तरुण असावेत, कारण पुढे वाद झाल्यास किंवा प्रोबेटसाठी (मृत्युपत्र खरे असल्याच्या न्यायालयीन दाखल्यासाठी) अर्ज केल्यास त्यांचीच साक्ष लागते.