खासगी धरणाची सुरक्षा तपासायला जाताना

धरण सुरक्षेच्या कामात नव्याने येणाऱ्यांची नजर आधी भिंतीवर जाते. तडा कुठे, पाझर कुठे, सांधे कुठे सुटलेत. ते बघायचंच आहे. पण धरणाचा धोका-वर्ग भिंतीच्या प्रकृतीवर ठरत नाही, तो खालच्या अंगाला कोण राहतं यावर ठरतो. ठणठणीत धरणही सगळ्यात धोकादायक वर्गात बसू शकतं. पहिल्या अहवालात बहुतेक जण या दोन गोष्टींची गल्लत करतात आणि मालकही लगेच म्हणतो, 'आमची भिंत तर मजबूत आहे, मग धोका कसला?'

आपल्याकडे धरण म्हणजे पाटबंधारे खात्याचं, असंच मनात असतं. पण मावळ-मुळशीतली वळवण, शिरवता, ठोकरवाडी, मुळशी ही टाटांची धरणं. त्यांतल्या वळवण आणि शिरवत्याच्या पाण्यावर चालणारं खोपोलीचं वीजघर १९१५ सालचं आहे. कारखान्यांनी स्वतःसाठी बांधलेले लहान तलाव वेगळेच. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात मालक सरकार आहे की कंपनी, असा भेद नाही. १५ मीटरपेक्षा उंच धरण सरळ कायद्याखाली येतं, १० ते १५ मीटरमधलं काही अटींवर. पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर तपासणी, आणि आपत्कालीन कृती आराखडा, ही मालकाची जबाबदारी आहे.

कामाला लागताना आधी कागद मागा. खासगी धरणात हीच मोठी अडचण असते. मालकी बदलत जाते, कंपनी विकली जाते आणि मूळ नकाशे कुठल्या कपाटात राहिले ते कुणालाच सांगता येत नाही. अशा वेळी जुना चौकीदार शोधून काढा. पूर्वी सांडव्यावरून पाणी कुठपर्यंत चढलं होतं, कोणता दरवाजा अडकतो, कोणत्या वर्षी भरावाला माती टाकली, हे त्याला तोंडपाठ असतं. त्याचं म्हणणं तारीखवार लिहून घ्या, मग जागेवर ताडून बघा.

मातीच्या धरणावर सर्वांत जास्त वेळ पायथ्याशी घालवा. पाझर असणं हा दोष नाही. मातीचं धरण थोडं पाझरतंच, त्यासाठीच निचऱ्याची सोय केलेली असते. बघायचं ते पाण्याचा रंग आणि पाझर वाढतोय की घटतोय तो कल. मी काचेची बाटली बरोबर ठेवतो. व्ही-नॉचवरून, म्हणजे पाझर मोजायला बसवलेल्या व्ही आकाराच्या खाचेतून, पडणारं पाणी भरून सावलीत ठेवायचं आणि थोड्या वेळाने तळ बघायचा. तळाशी बारीक गाळ बसला तर आतून माती वाहून येतेय. मग प्रवाह कितीही कमी असला तरी त्याच दिवशी वरिष्ठांना फोन करायचा. पाणी नितळ असेल, तर व्ही-नॉचचा आकडा जलाशयाच्या पातळीसोबत नोंदवा. पातळी तीच असताना पाझर वाढतोय, ही नोंद एखाद्या मोठ्या तड्यापेक्षा जास्त बोलते.

त्यानंतर नदीच्या कडेने खाली चालत जा. धरणफुटीचं पाणी कुठे पसरेल ते हेक-रास हे पुराचं गणित करणारं सॉफ्टवेअर नकाशावर दाखवतं, पण त्यात माणसं आपणच भरायची असतात. जनगणनेच्या आकड्यांत वीटभट्टीवरची कुटुंबं नसतात, ऊसतोड कामगारांच्या कोप्या नसतात, पात्रालगत नव्याने झालेली रिसॉर्ट आणि तिथली शनिवार-रविवारची गर्दी नसते. धरण बांधलं तेव्हा खाली नुसती भातखाचरं असतील. आज तिथे शाळा असेल तर धोका-वर्ग बदलला, आणि सांडव्याने किती पूर वाहून न्यावा हेही पुन्हा तपासायला हवं. आयएस ११२२३ या भारतीय मानकात साठा आणि पाण्याची उंची यांवरून सांडवा कोणत्या पुरासाठी हवा ते ठरतं: शंभर वर्षांत सरासरी एकदा येणारा पूर, त्याहून मोठा प्रमाणित प्रकल्प पूर की सर्वांत मोठा महत्तम संभाव्य पूर. पण खाली वस्ती असेल तर नुसत्या आकारावर थांबता येत नाही.

अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातलं एडनव्हिल धरण प्रत्येक नवख्याने नीट अभ्यासावं. विसाव्या शतकाच्या विसाच्या दशकातलं मातीचं धरण, मालक खासगी कंपनी. सांडवा अपुरा आहे, हे नियामकांनी वर्षानुवर्षं बजावलं. मालकाचं उत्तर ठरलेलं, पैसे नाहीत. २०१८ मध्ये वीजनिर्मितीचा परवाना रद्द झाला आणि देखरेख केंद्राकडून राज्याकडे गेली. तळ्याकाठी घरं असलेल्यांना तळं भरलेलं हवं होतं. १९ मे २०२० रोजी धरण फुटलं आणि पाठोपाठ खालचं सॅनफर्ड धरणही गेलं. सुमारे दहा हजार लोकांना आधीच हलवल्यामुळे जीवितहानी झाली नाही.

मला त्यातली पुढची गोष्ट सर्वांत महत्त्वाची वाटते. पाणी माथ्यावरून गेलंच नव्हतं. पातळी चढल्यावर भरावातल्या सैल, भिजलेल्या वाळूची ताकद एकाएकी गेली आणि भराव खाली वाहून गेला. याला स्टॅटिक लिक्विफॅक्शन म्हणतात. सगळी चर्चा सांडव्याभोवती फिरत राहिली आणि भराव कसला आहे, तो कसा दाबून बसवला होता, याकडे तेवढं लक्ष गेलं नाही. म्हणून धरण फुटण्याच्या शक्यतांची यादी करताना एकाच कारणावर अडून बसू नका. भरावाच्या बोअरिंगचे, म्हणजे खोल भोक पाडून माती तपासल्याचे, निकाल नसतील, तर 'माहिती नाही' असं स्पष्ट लिहा. 'समाधानकारक' लिहू नका.

शिफारशी लिहिताना मालकाचा खिसाही विचारात घ्यावा लागतो. नवा सांडवा बांधायला वर्षं लागतील, पण जलाशयाची पातळी कमी ठेवणं या पावसाळ्यातही जमतं. त्याला वीज किंवा पाणी गमावण्याची किंमत आहे, म्हणून विरोध होणारच. तरीही नुसतं 'पातळी कमी ठेवावी' लिहून सोडू नका. किती मीटरवर, कोणत्या तारखेपासून, कोणाच्या सहीने आणि ती पातळी ओलांडली तर खालच्या गावांत पहिला फोन कोणाला जाईल, हे चारही अहवालात लिहा.